साखर सोडली तर कॅन्सर उपाशी मरतो का?

घरात कुणाला कॅन्सरचं निदान झालं की दोन-चार दिवसांत फोनवर एक निरोप हमखास येतो. ‘कॅन्सरच्या पेशी साखरेवर जगतात. साखर बंद करा, गाठ आपोआप सुकेल.’ पाठवणारं माणूस जवळचंच असतं, काळजीपोटी पाठवतं. सोबत कधी एका जर्मन शास्त्रज्ञाचं नाव असतं, कधी स्कॅनचा रंगीत फोटो. वाचणाऱ्याला ते पटतंही, कारण त्यातलं पहिलं वाक्य बऱ्यापैकी खरं आहे. गडबड आहे ती दुसऱ्या वाक्यात.

साखर कमी करणं निरोगी माणसासाठी शहाणपणाचंच आहे, पण त्याचं कारण निरोपातलं नाही, दुसरंच आहे. आणि उपचार चालू असलेल्या, वजन उतरत चाललेल्या माणसाच्या बाबतीत हाच सल्ला अंगाशी येऊ शकतो. हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं असू शकतं, ते पाहू.

आधी ‘साखर’ म्हणजे कोणती?

डब्यातल्या साखरेला आपण साखर म्हणतो आणि रक्त तपासून आलेल्या आकड्यालाही साखरच म्हणतो. ‘शुगर वाढली’ असं म्हणताना डब्यातली वाढलेली नसते, हे सगळ्यांना कळतं. पण कॅन्सरचा विषय निघाला की हा फरक विसरला जातो. अर्धा घोळ या एका शब्दाने घातला आहे.

डब्यातली साखर म्हणजे सुक्रोज. तिच्या प्रत्येक रेणूत ग्लुकोजचा एक आणि फ्रुक्टोजचा एक असे दोन तुकडे जोडलेले असतात. रक्तातली साखर म्हणजे नुसतं ग्लुकोज. ते साखरेतून येतं तसंच धान्यातून, बटाट्यातून, फळांतून, दुधातूनही येतं. धान्यातलं पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या मण्यांच्या लांबलचक माळा. पचन होताना मणी सुटे होतात. पेशीच्या दारात पोचेपर्यंत त्या मण्यावर तो कुठून आला याचा शिक्का उरलेला नसतो.

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण 5 लिटर रक्त असतं आणि त्यात एका वेळी विरघळलेलं ग्लुकोज असतं जेमतेम 5 ग्रॅम. म्हणजे एक चमचा. हा चमचा सांडू नये आणि ओसंडूही नये म्हणून शरीर दिवसरात्र राबतं. जेवण झालं की स्वादुपिंडातून इन्शुलिन सुटतं. इन्शुलिन हे पेशींना ‘ग्लुकोज आत घ्या’ असं सांगणारं हार्मोन. जास्तीचं ग्लुकोज साठवणीत जातं, यकृतात सुमारे 100 ग्रॅम आणि स्नायूंत सुमारे 400 ग्रॅम. जेवण लांबलं की यकृत आपली साठवण मोकळी करतं. तीही संपत आली तर यकृत नवं ग्लुकोज तयार करतं: स्नायू मोडून मिळालेल्या प्रथिनांपासून, चरबी वितळून निघालेल्या ग्लिसरॉलपासून. मेंदूला एकट्यालाच दिवसाकाठी सुमारे 120 ग्रॅम ग्लुकोज लागतं, त्यामुळे हा कारखाना बंद ठेवणं शरीराला परवडत नाही. रात्रभर काही न खाता सकाळी रक्त दिलं तरी रिपोर्टमध्ये 70 ते 100 च्या आसपास आकडा येतो तो यामुळेच.

निरोपातला जर्मन शास्त्रज्ञ

त्याचं नाव ओटो वॉरबुर्ग. 1920च्या दशकात बर्लिनमध्ये त्याने गाठींचे पातळ काप घेऊन ते किती ग्लुकोज आणि किती ऑक्सिजन वापरतात ते मोजलं. निरोगी पेशी ऑक्सिजन मिळत असेल तर ग्लुकोज सहसा पूर्ण जाळते आणि एका रेणूमागे ऊर्जेची सुमारे 30 नाणी कमावते. गाठीतल्या पेशी मात्र ऑक्सिजन हाताशी असूनही पुष्कळसं ग्लुकोज अर्धवटच मोडतात आणि उरलेलं लॅक्टिक आम्लाच्या रूपात बाहेर टाकतात. या व्यवहारात हाती येतात फक्त 2 नाणी. एवढा तोटा भरून काढायचा तर ग्लुकोज ओढावं लागणार सपाटून, आणि त्या ते ओढतातही.

मग हा आतबट्ट्याचा व्यवहार करायचाच कशाला? आज याचं जे उत्तर दिलं जातं, ते मला फार आवडतं. लाकूड चुलीपाशीही येतं आणि सुताराकडेही. चुलीला ते पूर्ण जळायला हवं असतं. सुताराला राखेचा काय उपयोग? त्याला फळ्या हव्यात. एका पेशीच्या दोन व्हायच्या तर नवी आवरणं, नवा डीएनए, नवी प्रथिनं उभारावी लागतात आणि त्यासाठी कच्चा माल लागतो. वाढीच्या मागे लागलेली पेशी ग्लुकोजकडे सुताराच्या नजरेनं बघते.

वॉरबुर्गला स्वतःला वेगळंच वाटत होतं. पेशीची श्वसनयंत्रणा मोडते आणि म्हणून कॅन्सर होतो, असं त्याचं मत होतं आणि 1956 सालीही तो ते ठासून मांडत होता. पुढच्या संशोधनात दिसलं की बहुतेक कॅन्सर पेशींमध्ये ही यंत्रणा चालू असते. मूळ बिघाड जनुकांत होतो आणि ग्लुकोजची वखवख हा मुख्यतः त्या बिघाडाचा परिणाम असतो. जाता जाता एक दुरुस्ती. ‘कॅन्सरचं कारण साखर आहे हे सिद्ध केल्याबद्दल वॉरबुर्गला नोबेल मिळालं’ असं त्या निरोपांत लिहिलेलं असतं. त्याला 1931 साली नोबेल मिळालं ते पेशींच्या श्वसनातल्या एका एन्झाइमवरच्या कामासाठी.

पण स्कॅनमध्ये गाठ चमकते, ती उगाच?

उगाच नाही. पेट स्कॅनच्या आधी शिरेतून एक द्रव्य देतात, एफडीजी. हे ग्लुकोजचं सोंग घेतलेलं किरणोत्सारी द्रव्य आहे. पेशी त्याला ग्लुकोज समजून आत घेते, पण पुढे मोडता येत नसल्यामुळे ते आतच अडकतं आणि तिथून येणारे किरण यंत्र टिपतं. गाठ जास्त ओढते, म्हणून जास्त चमकते.

मेंदूही चमकतो, दर वेळी, आणि लखलखीत. हृदय कित्येकदा चमकतं. मेंदू चमकला म्हणून मेंदू साखरेमुळे बिघडला असं कुणी म्हणत नाही. उलट प्रोस्टेटच्या बऱ्याच गाठी याच स्कॅनमध्ये फिक्या दिसतात, कारण सगळेच कॅन्सर ग्लुकोजचे सारखे अधाशी नसतात.

या तपासणीतली सगळ्यात बोलकी गोष्ट त्या फोटोत नसतेच. ती असते अपॉइंटमेंटच्या सूचनांमध्ये: निदान 4 ते 6 तास काही खाऊ नका. म्हणजे माणूस उपाशी आहे, शेवटचा घास पोटात जाऊन काही तास लोटलेत, आणि गाठ तरीही भरपूर ग्लुकोज ओढते आहे! जो फोटो ‘साखर सोडा’ म्हणून फिरवला जातो, तो मुळात उपाशी माणसाचा असतो.

मग पुरवठाच तोडला तर?

एका इमारतीच्या गच्चीवर पाण्याची एकच टाकी आहे, अशी कल्पना करा. सगळ्या घरांना तिथूनच पाणी जातं. एका बिऱ्हाडाने गुपचूप नळाला पंप जोडला आहे. बाकीचे वैतागून म्हणतात, टाकीत पाणी सोडणंच बंद करू, म्हणजे त्याची जिरेल. होतं काय? टाकीतलं पाणी उतरतं, इतरांचे नळ कोरडे पडतात, आणि तळाशी राहिलेलं पाणी पंपवालाच खेचतो.

कॅन्सरच्या पेशींवर ग्लुकोज आत घेणारी दारं जास्त संख्येने असतात, हाच तो पंप. आणि खऱ्या शरीरात टाकी रिकामीही होत नाही, कारण यकृत स्नायू मोडून ती भरत राहतं. आपण साखर बंद करतो तेव्हा गाठीचा पुरवठा थांबतो असं नाही. फार ताणलं तर बिल स्नायूंच्या नावाने फाटतं. त्यातून या पेशी ग्लुकोजवरच अडून बसतात असंही नाही. ग्लुटामाइन नावाचं अमायनो आम्ल, स्निग्ध पदार्थ, दुसऱ्या पेशींनी टाकलेलं लॅक्टिक आम्लसुद्धा त्यांना चालतं.

कीटो आहाराचं काय?

हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याला ‘सगळं थोतांड’ म्हणून उडवून लावणं मला बरोबर वाटत नाही. कीटो म्हणजे पिष्ट आणि साखर जवळपास वगळून स्निग्ध पदार्थांवर भर देणारा आहार. त्याने रक्तातलं इन्शुलिन खाली येतं, आणि इन्शुलिन हे या गोष्टीतलं महत्त्वाचं पात्र आहे. ते ग्लुकोजसाठी दारं उघडतं, शिवाय पेशींना ‘वाढा’ असंही सांगतं. हा आदेश पेशीच्या आत पोचवणारी एक साखळी असते. अनेक गाठींमध्ये ती बिघडून कायमची चालू राहिलेली असते.

ही साखळी तोडणारी औषधं आहेत. अडचण अशी, की ती दिल्यावर रक्तातलं ग्लुकोज वाढतं, त्यापाठोपाठ इन्शुलिन वाढतं, आणि साखळी पुन्हा जोडली जाते. 2018 साली ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध झाले. त्यांत औषधाबरोबर कीटो आहार दिला तेव्हा औषध जास्त प्रभावी ठरलं. याच संशोधनाचा दुसरा भाग मात्र सहसा कुणी पुढे पाठवत नाही. रक्ताच्या एका कॅन्सरमध्ये, औषध न देता नुसता कीटो आहार दिलेल्या उंदरांचा आजार उलट वेगाने वाढला. म्हणजे तोच आहार एका ठिकाणी औषधाचा जोडीदार आणि दुसऱ्या ठिकाणी आजाराचा. माणसांमध्ये केवळ आहार बदलून रुग्ण जास्त जगले, असं दाखवणारी भक्कम चाचणी आजवर झालेली नाही.

इन्शुलिन औषधाने खाली आणून पाहण्याचाही एक मोठा प्रयत्न झाला. मधुमेह नसलेल्या, स्तनाचा कॅन्सर असलेल्या 3,649 रुग्णांपैकी निम्म्यांना मेटफॉर्मिन हे मधुमेहावरचं औषध आणि निम्म्यांना बिनऔषधी गोळी दिली. 2022 साली निकाल आला. आजार परत येण्याच्या प्रमाणात फरक पडला नव्हता. कागदावर नीट जुळणारं सूत्र शरीरात जुळेलच असं नाही, याचं यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

म्हणजे साखर निर्दोष?

अजिबात नाही. फक्त तिची वाट वळसा घालून जाते.

गोड पेयांतून पोटात गेलेल्या कॅलरी पोट भरल्याची जाणीव फारशी देत नाहीत. बाटलीभर पेय पिऊनही माणूस नेहमीएवढंच जेवतो आणि वर्षानुवर्षं वजन चढत जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 2016 साली उपलब्ध पुरावा तपासला आणि शरीरात जास्तीची चरबी नसेल तर 13 प्रकारच्या कॅन्सरचा धोका कमी राहतो, असा निष्कर्ष काढला. त्यात मोठं आतडं, यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड, मूत्रपिंड, गर्भाशयाचं अस्तर, पाळी थांबल्यानंतरचा स्तनाचा कॅन्सर हे सगळे येतात.

चरबी म्हणजे अंगावर पडून राहिलेलं गाठोडं, असं आपण समजतो. ती जिवंत आणि उद्योगी असते. पाळी थांबल्यानंतर स्त्रीच्या शरीरात इस्ट्रोजेन मुख्यतः चरबीतच तयार होतं, आणि स्तनाच्या व गर्भाशयाच्या पेशींना त्या हार्मोनमुळे वाढीचा इशारा मिळतो. चरबी वाढली की अंगात मंद दाह सुरू राहतो. पेशी इन्शुलिनला दाद देईनाशा होतात, मग स्वादुपिंड आणखी इन्शुलिन सोडतं, आणि ‘वाढा, वाढा’ असा घोष दिवसभर चालू राहतो. टाइप 2 मधुमेह असलेल्यांमध्ये यकृत, स्वादुपिंड आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका साधारण दुप्पट आढळतो, त्यामागे हाही एक धागा असावा.

‘गोड पेयांमुळे कॅन्सर’ ही बातमी मग कशी वाचायची?

2019 साली फ्रान्समधला एक मोठा अभ्यास गाजला. 1,01,257 लोकांचा आहार नोंदवून सरासरी 5 वर्षं पाठपुरावा केला. रोज 100 मिलीलिटर जास्त गोड पेय पिण्याशी कॅन्सरचा धोका 18 टक्क्यांनी जास्त असणं जोडलेलं दिसलं. गंमत म्हणजे साखर न घातलेला फळांचा निव्वळ रसही त्याच दिशेला होता.

18 टक्के हा आकडा ऐकून घाबरायला होतं, म्हणून त्याची फोड करू. त्या लोकांपैकी 2,193 जणांना त्या काळात कॅन्सर झाला, म्हणजे हजारात सुमारे 22. त्यात 18 टक्के वाढ म्हणजे हजारात सुमारे 26. हजारी चार माणसं जास्त. दुर्लक्ष करण्याजोगं नाही, पण मथळ्याएवढं भयानकही नाही.

आणि हा संबंध आहे, कारण नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली, की कावळ्याच्याच वजनाने फांदी तुटली, हे अशा अभ्यासातून ठामपणे सांगता येत नाही. जास्त गोड पेयं पिणारी माणसं इतर बाबतीतही वेगळी असू शकतात. संशोधकांनी वजन, धूम्रपान, व्यायाम वगैरे हिशेबात धरून आकडेमोड केली होती हे खरं, पण असा हिशेब कधीच पूर्ण होत नाही.

तरीही मी हा मुद्दा पूर्ण मिटलेला मानत नाही, त्याला कारण आहे. त्याच वर्षी ‘सायन्स’ या नियतकालिकात आतड्याच्या गाठींकडे जनुकीय कल असलेल्या उंदरांवरचा प्रयोग आला. त्यांना फ्रुक्टोजचं प्रमाण जास्त असलेला मक्याचा पाक रोज थोडा थोडा दिला. उंदीर लठ्ठ झाले नाहीत, तरी त्यांच्या गाठी मोठ्या झाल्या. माणूस म्हणजे उंदीर नव्हे, पण वजनाच्या वळशाखेरीज एखादी आडवाटही असू शकेल असं मानायला इथे जागा आहे.

मग किती चालेल?

जागतिक आरोग्य संघटनेची 2015 ची शिफारस अशी: ‘मोकळी साखर’ दिवसभराच्या कॅलरींच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवावी, जमल्यास 5 टक्क्यांच्या. मोकळी साखर म्हणजे वरून घातलेली, शिवाय मधातली आणि फळांच्या रसातली. दिवसाला 2,000 कॅलरी धरल्या तर हे सुमारे 50 आणि 25 ग्रॅम होतात. 25 ग्रॅम म्हणजे साधारण 6 चहाचे चमचे. आख्ख्या फळातली साखर यात धरत नाहीत. ती तंतूंच्या गुंत्यातून सावकाश सुटते, आणि तीन-चार फळांचा रस एका दमात पिता येतो तशी तीन-चार फळं खाता येत नाहीत. मध ‘नैसर्गिक’ असल्यामुळे त्याला सूट आहे असं समजू नका.

कृत्रिम गोडीबद्दल थोडक्यात. 2023 साली अ‍ॅस्पार्टेमला ‘कदाचित कॅन्सरकारक’ या गटात टाकलं गेलं. हा गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा आहे ते सांगत नाही. इथे पुरावा मर्यादित होता. त्याच वेळी रोजची चालणारी मात्रा शरीराच्या दर किलोमागे 40 मिलिग्रॅम हीच कायम ठेवली गेली.

घरात रुग्ण असेल तर

इथे सगळा हिशेब उलटा होतो. अनेक कॅन्सरमध्ये, विशेषतः अन्नमार्गाच्या आणि फुप्फुसाच्या, शरीर आतून झिजायला लागतं. भूक मरते, स्नायू वितळतात, खाल्लेलं अंगी लागत नाही. सहा महिन्यांत वजन 5 टक्क्यांहून जास्त घटलं तर डॉक्टर सावध होतात. झिजलेल्या माणसाला केमो झेपत नाही, मात्रा कमी करावी लागते किंवा पुढे ढकलावी लागते. युरोपातल्या पोषणतज्ज्ञांच्या संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं अशा रुग्णांना खाणं तोडणारे आहार देऊ नयेत असं स्पष्ट सांगतात. रोज वजनाच्या दर किलोमागे 25 ते 30 कॅलरी आणि 1 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं, असं त्यांचं माप आहे. 60 किलोच्या माणसासाठी 1,500 ते 1,800 कॅलरी आणि 60 ते 90 ग्रॅम प्रथिनं. तोंडात फोड आलेत, जिभेची चव गेली आहे, वासानेच मळमळतं, अशा अवस्थेत हा आकडा गाठणं म्हणजे डोंगर चढणं. त्या दिवशी दोन चमचे आइसक्रीम घशाखाली उतरत असेल, तर ते कुठल्या निरोपासाठी हिरावून घ्यायचं?

काही रुग्णांना मात्र साखर खरोखर सांभाळावी लागते. ज्यांना मधुमेह आहे त्यांना तर नक्कीच. शिवाय आतड्याचा कॅन्सर असलेल्या, शस्त्रक्रिया झालेल्या 1,011 रुग्णांच्या 2012 सालच्या एका अभ्यासात, रक्तातली साखर झपाट्याने वाढवणारा आहार जास्त असलेल्यांमध्ये आजार परत येण्याचं प्रमाण जास्त आढळलं, आणि हा फरक मुख्यतः वजन जास्त असलेल्यांमध्ये होता. उपचार संपून तब्येत सावरलेल्या, वजन वाढत चाललेल्या माणसाला म्हणून निरोगी माणसाचाच नियम लागू होतो.

आणखी एक बारकावा. केमोबरोबर मळमळ थांबवायला डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड अनेकदा देतात, आणि त्याने मधुमेह नसलेल्याचीही रक्तातली साखर काही दिवस चढते. रिपोर्टमधला तो आकडा बघून घरचे ताटातलं गोड काढून घेतात, आणि मग हळूहळू ताटच कमी करतात. अशा वेळी आकडा आणि रुग्णाचं गेल्या महिन्याचं वजन, दोन्ही घेऊन आधी डॉक्टरांकडे जा. ताटाला हात नंतर लावा.